पर्यटनावलंबी बेटावरील व्यवसाय : घारापुरीचे उदाहरण

उल्हासनगरात शिवलेली जीन्स दूरदूरच्या बाजारांत विकली जाते. ती विकत घेणाऱ्यास हे शहर कधी पाहावे लागत नाही. पर्यटनाचा व्यवहार याच्या नेमका उलट असतो. तेथे माल जागचा हलत नाही. गिऱ्हाइकालाच मालापाशी यावे लागते. हा भेद वरवर साधा वाटला, तरी पर्यटनावर पोट भरणाऱ्या बेटावरील व्यवसायांची घडण त्यावरूनच उलगडते. प्रस्तुत लेखात ती घारापुरीच्या उदाहरणाने पाहावयाची आहे. व्यवसायांची नावे हाही एक पुरावाच असल्यामुळे त्यांचा विचार ओघाने येईल.

घारापुरी हे मुंबई बंदरातील लहानसे बेट असून ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. येथील शैव लेण्यांचा १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. बेटावर शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. तिन्ही नावांच्या अखेरीस ‘बंदर’ हा मूळचा फारसी शब्द यावा, हे बोलके आहे; वस्तीची ओळखच मुळी नाव लागण्याच्या जागेवरून झालेली दिसते. भातशेती, मासेमारी व होड्यांची डागडुजी हे येथील जुने व्यवसाय होत.

आजच्या व्यवसायांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग ने-आण करणाऱ्यांचा : गेटवे ऑफ इंडियापासून बेटापर्यंत लाँच चालविणारे तांडेल व खलाशी, आणि धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत धावणाऱ्या छोट्या आगगाडीवरील माणसे. दुसरा वर्ग लेण्यांशी निगडित : पहारेकरी, सफाई कामगार, तिकीट देणारे आणि गाईड. तिसरा वर्ग विक्रेत्यांचा : लेण्यांकडे चढणाऱ्या सुमारे १२० पायऱ्यांच्या दुतर्फा मांडलेले स्टॉल आणि खाण्यापिण्याची दुकाने. चौथा वर्ग निव्वळ अंगमेहनतीचा. वृद्धांना डोलीत बसवून वर नेणारे त्यात येतात.

या नावांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. समुद्राशी संबंधित ‘तांडेल’, ‘खलाशी’ हे शब्द कोकण किनाऱ्यावर जुने आहेत. ‘गाईड’, ‘स्टॉल’, ‘तिकीट’ हे मात्र इंग्रजीतून आले. मराठीत ‘वाटाड्या’ हा शब्द असता ‘गाईड’ का रूढ व्हावा? वाटाड्या वाट दाखवितो. गाईड पाहिलेल्या वस्तूचा अर्थ सांगतो आणि तोही बहुधा परभाषेत. अर्थात येथे केवळ शब्द बदललेला नाही, काम बदलले आहे. भाषा हेच येथे उपजीविकेचे साधन झाले आहे.

जे व्यवसाय येथे नाहीत तेही लक्षात घेतले पाहिजेत. पर्यटकांना बेटावर रात्री मुक्कामाची परवानगी नसल्यामुळे येथे हॉटेल-व्यवसाय वाढला नाही. मालदीवमध्ये १९७२ पासून पर्यटन सुरू झाले ते बहुतांशी एका बेटावर एकच विश्रामस्थळ या पद्धतीने. तेथे स्वयंपाकी, वाढपी, माळी, पाणबुडे अशा कामांची मालिकाच निर्माण झाली. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये पर्यटनाच्या जोडीला साखर व कापड हे उद्योग उभे राहिले. घारापुरीला असा जोडउद्योग नाही. समुद्राखालील केबलमधून वीजदेखील २०१८ साली आली. तोपर्यंत जनित्रावर संध्याकाळचे काही तास काय ते दिवे लागत.

यावरून मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. व्यवसाय-गणनेच्या रूढ तक्त्यात खलाशी ‘वाहतूक’ या सदरात पडेल, स्टॉलवाला ‘व्यापारा’त, गाईड ‘सेवां’त, आणि तक्ता पाहणाऱ्यास बेटाची अर्थव्यवस्था विविधांगी भासेल. वस्तुतः ही सारी सदरे एकाच दोरीला बांधलेली आहेत; ती दोरी म्हणजे गेटवेहून येणारी लाँच. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी पायऱ्यांवरील बाजारही ओस पडतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा चारही वर्गांचे उत्पन्न एकाच वेळी आटले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. लाँचेची सुरक्षितता हा प्रथम माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण बेटापुरता तो सर्वांच्या उपजीविकेचाही प्रश्न आहे.

तेव्हा अशा प्रदेशाची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याने व्यवसाय किती, एवढेच मोजून थांबू नये. लाँच आली नाही त्या दिवशी त्यांपैकी किती व्यवसाय चालतात, हेही विचारावे. शेत, जाळे व होडीची दुरुस्ती ही जुनी कामे अशा दिवशीही चालू शकतात. म्हणून ती कामे आणि त्यांची शब्दसंपत्ती नव्या पिढीकडे कितपत उतरली आहे, याची नोंद घेणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला जितके अगत्याचे आहे तितकेच भाषेच्या अभ्यासकालाही आहे.