आकाशाचा नकाशा आणि ज्ञानाची मालकी

इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यात वृषभ राशीत एक ‘पाहुणा तारा’ प्रकटला व तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता, अशी नोंद चिनी ज्योतिर्विदांनी करून ठेवली आहे. तो वस्तुतः एका ताऱ्याचा अंतिम स्फोट होता. त्याचा अवशेष म्हणजे सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेला क्रॅब तेजोमेघ. या तेजोमेघातील चुंबकीय क्षेत्राचा नकाशा माणसाने कसा काढला, हा इतिहास अर्थशास्त्राच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारा आहे.

चुंबकीय क्षेत्र डोळ्यांस दिसत नाही आणि तेथवर होकायंत्र नेणे अशक्य. परंतु जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती मळसूत्राप्रमाणे फिरतात व फिरताना प्रकाश देतात. सामान्य प्रकाशाची कंपने सर्व दिशांनी होतात. या प्रकाशाची मात्र प्रामुख्याने एकाच दिशेने, आणि तीही क्षेत्राशी काटकोनात. यालाच ध्रुवित प्रकाश म्हणतात. दुर्बिणीस पोलरॉइडची काच जोडून ती निरनिराळ्या कोनांत फिरविली, की तेजोमेघाच्या प्रत्येक भागातील कंपनांची दिशा कळते. ती नव्वद अंशांनी वळविली, की क्षेत्राची दिशा हाती येते.

१९५३ साली मॉस्कोच्या श्क्लोव्स्की यांनी या प्रकाशाची अशी उपपत्ती मांडली. १९५४ मध्ये सोव्हिएत संघातीलच दोम्ब्रोव्स्की व वाशाकिद्झे यांना ध्रुवण प्रत्यक्ष आढळले. हॉलंडच्या ऊर्ट व वाल्राव्हेन यांनी १९५६ साली त्याचे सविस्तर मापन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी, कॅलिफोर्नियातील पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून बाडे यांनी घेतलेली छायाचित्रे डच नियतकालिकातच छापली गेली. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे घडले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

गरीब देशाने या विद्येवर पैसा का खर्चावा, असा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. तो रास्तच आहे. धान्य वाटले की घटते. ज्ञान घटत नाही. म्हणूनच ते निर्माण करण्यास बाजार सहसा पुढे येत नाही, ते काम समाजालाच करावे लागते. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने याच तेजोमेघाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले व ते निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. १ जानेवारी २०२४ रोजी तर खास ध्रुवणमापनासाठीच एक्सपोसॅट अवकाशात गेला. जगाच्या सामायिक भांडारातून आपण घेतो. त्यात भरही घातली पाहिजे. मात्र जनतेच्या पैशातून मिळालेले हे ज्ञान तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यापर्यंत, त्याच्या भाषेत पोहोचले, तरच हा खर्च खऱ्या अर्थाने सार्वजनिक ठरेल.