फळीवरचे ध्वनिवर्धक : सुतारकाम थोडे, हिशेब फार

तंबोरा उत्तम जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. मैफलीत पुढे बसलेल्या श्रोत्याला तो सहज ऐकू येतो. घरी तीच मैफल ध्वनिमुद्रणावरून ऐकताना मात्र खर्ज पोकळ वाटतो, जवारीला पत्र्याचा आवाज येतो आणि गायकाचा स्वर नळीतून आल्यासारखा भासतो. दोष गायकाचा नसतो, बहुधा ध्वनिमुद्रणाचाही नसतो. तो असतो कपाटावर ठेवलेल्या दोन पेट्यांचा. अशा पेट्या घरी, स्वतःच्या हातांनी आणि उच्च प्रतीच्या बनविता येतात काय? येतात. मात्र त्यात करवतीपेक्षा हिशेबाच्या वहीचे काम अधिक आहे, ही गोष्ट पुष्कळ हौशी मंडळींना खर्च होऊन गेल्यावर समजते.

आज सर्वत्र दिसणाऱ्या फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिवर्धकाचे स्वरूप चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली सिद्ध केले. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू, आणि शंकूच्या मागेपुढे होण्याने हलणारी हवा, एवढीच ही यंत्रणा. तिच्यात एक अंगभूत अडचण आहे. खालचे स्वर निर्माण करण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. वरच्या स्वरांना हलका व लहान पडदा हवा. शिवाय आवाजाची तरंगलांबी शंकूच्या व्यासाइतकी झाली की आवाज चहूकडे न पसरता बॅटरीच्या झोताप्रमाणे समोर एकवटू लागतो. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटिमीटर असतो आणि २,५०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १४ सेंटिमीटर. म्हणजे या सुमारास वूफरने थांबावे आणि ट्वीटरने सूत्रे हाती घ्यावीत, हे ओघानेच आले. दुमार्गी ध्वनिवर्धकाची सारी कला या हस्तांतरात आहे. दुर्दैवाने माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो, त्यामुळे येथील चूक लपत नाही.

लहान पेटीतून किती मोठे काम होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून बीबीसीच्या 'एलएस ३/५ए' या ध्वनिवर्धकाकडे पाहावे. बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत, अपुऱ्या जागेत, निवेदकाचा आवाज खरा ऐकू यावा या गरजेतून तो १९७० च्या दशकात तयार झाला. आतील जागा जेमतेम ५ लिटर, बर्च प्लायवूडच्या पातळ भिंती, त्यांना आतून लावलेले कंप शोषणारे थर, केईएफ कंपनीचे दोन पडदे आणि पेटीच्या मानाने बराच गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर. त्यातील वूफर व ट्वीटर काही अलौकिक नव्हते. त्यांच्यावर केलेले मोजमाप आणि दुरुस्ती अलौकिक होती. खर्जाच्या शेवटच्या पायरीचा हट्ट त्या अभियंत्यांनी धरला नाही, आणि मानवी आवाजाच्या बाबतीत तडजोड केली नाही.

वूफरच्या निवडीत किंमत हा निकष दुसरा. पहिला निकष त्याचे तांत्रिक पत्रक. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले, की वूफरचे मोजके गुणांक ठाऊक असले तर त्याला कोणती पेटी मानवेल हे कागदावरच ठरविता येते. त्यांतील तीन महत्त्वाचे : मोकळ्या हवेतील अनुनादाची वारंवारता, शंकूच्या लवचिकतेशी तुल्य असे हवेचे आकारमान आणि अनुनादावरील एकूण नियंत्रण दर्शविणारा अंक. उदाहरणादाखल हे गुणांक अनुक्रमे ३८ हर्ट्झ, ३० लिटर व ०.३५ धरू. पेटी पूर्ण बंद ठेवली आणि खर्ज फुगू नये अशी अट घातली, तर गणित ९.७ लिटर सांगते. मात्र सुमारे ७७ हर्ट्झला आवाजाची शक्ती निम्म्यावर येते. तोच वूफर नळीच्या पेटीत बसविला तर ती निम्मी होण्याची जागा ४३ हर्ट्झपर्यंत खाली जाते, पण पेटी २२ लिटरची लागते आणि तिच्यात ५ सेंटिमीटर व्यासाची, १२ सेंटिमीटरहून थोडी लांब नळी बसवावी लागते. बावीस लिटरची पेटी पुस्तकांच्या फळीवर मावत नाही. फळीच तिच्यावर ठेवावी लागेल!

ही ओढाताण ध्वनिशास्त्रात हॉफमन यांच्या नावाने ओळखली जाते. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेवर मोठा आवाज, या तिहींपैकी दोन मिळतात, तिसऱ्याचे मोल मोजावे लागते. ताळेबंदाशी परिचय असलेल्यांना यात नवल वाटू नये. जाहिरातीत मात्र तिन्ही जमेच्या बाजूलाच दाखविलेले आढळतात.

नॉर्वे, डेन्मार्क व इंडोनेशिया येथील नामांकित कारखान्यांचे वूफर आणि ट्वीटर आपल्याकडे मागविता येतात. किंमत पाहताना वाहतूक व सीमाशुल्क धरूनच अंदाजपत्रक करावे, आणि मोजमापाचा मायक्रोफोन व क्रॉसओव्हरच्या प्रयोगांतील वाया जाणारे भाग यांसाठी वेगळी तरतूद ठेवावी. हप्त्याने घेण्याची ही वस्तू नव्हे. सुटे भाग मात्र आपल्या बाजारांतही मिळतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एसपी रोड ही ठिकाणे हौशी मंडळींना ठाऊकच आहेत.

पेटीसाठी १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ किंवा चांगला प्लायवूड घ्यावा. एमडीएफ कापायला सोपा, पण पावसाळ्यातील दमट हवेत त्याच्या उघड्या कडा फुगतात. कोकणात किंवा किनारी गावांत प्लायवूडच बरा. कापताना नाकातोंडावर मास्क हवाच, कारण त्याची भुकटी फुप्फुसांना घातक असते. आतील मापे १७ × ३० × १९ सेंटिमीटर धरली की वर सांगितलेले ९.७ लिटर भरतात. बंद पेटीला कोठेही फट राहता कामा नये; पडद्याच्या कडेखालची फोमची पट्टी विसरली तर सारे गणित फसते. आत एक आडवी पट्टी ठोकून भिंती बांधून घ्याव्यात.

येथवर काम सुताराकडून करून घेता येते. पुढचा भाग घरमालकानेच करावयाचा, आणि बहुतेकांचे पैसे बुडतात ते येथेच.

पुस्तकी सूत्राप्रमाणे ८ ओहमच्या पडद्याला २,५०० हर्ट्झवर लिंकविट्झ-रायली पद्धतीचा दुसऱ्या दर्जाचा क्रॉसओव्हर हवा असेल, तर सुमारे ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मिलिहेन्रीचे कॉइल पुरते. हे दोन भाग आणून जोडले की आवाज येतो, पण पुष्कळदा तो तयार बाजारू संचाहूनही वाईट असतो. सूत्रातला ८ ओहमचा पडदा प्रत्यक्षात कोठेच नसतो. वूफरचा रोध अनुनादापाशी अनेक पटींनी वाढतो, मध्ये ६-७ ओहमपर्यंत उतरतो आणि वेटोळ्याच्या गुणामुळे वर जाताना पुन्हा चढतो. दोन्ही पडदे आपापल्या टोकाला स्वभावतःच उतरत असतात; त्या उतारावर विजेचा उतार चढविला की बेरीज भलतीच होते. शिवाय ट्वीटर सपाट फळीवर बसलेला, तर वूफरचा शंकू आत खोल. त्यामुळे वूफरचा ध्वनी किंचित उशिरा निघतो.

चौथे कारण पेटीच्या रुंदीत आहे आणि तेच सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाते. वरच्या स्वरांना पेटीची पुढची फळी भिंतीसारखी मागे असते, म्हणून त्यांचा सारा ध्वनी पुढे येतो. खालच्या स्वरांची तरंगलांबी फळीहून कितीतरी मोठी असल्याने तो ध्वनी वळसा घालून मागेही जातो. आपल्या पेटीची बाहेरची रुंदी साडेवीस सेंटिमीटर. हा बदल साधारण ५५० हर्ट्झच्या सुमारास होतो. मोकळ्या जागेत त्याने समोरचा आवाज ६ डेसिबलपर्यंत पडतो, खोलीत मागच्या भिंतीमुळे काहीसा कमी. ही तूट भरली नाही तर गायकाचा स्वर पातळ होतो. आरंभी उल्लेखिलेला पोकळ खर्ज बऱ्याच वेळा येथून येतो. उपाय म्हणजे वूफरच्या मार्गातील कॉइल सूत्राहून मोठे घ्यावयाचे आणि ट्वीटरला रोधाने तितकेच खाली आणावयाचे. आवाज एकंदरीत लहान होतो, ॲम्प्लिफायर थोडा मोठा लागतो. ही किंमत द्यावीच लागते.

म्हणून मोजमाप अटळ आहे. मोजमापासाठी आरईडब्ल्यू व क्रॉसओव्हरच्या आखणीसाठी व्हिट्युइक्सकॅड हे संगणक-कार्यक्रम विनामूल्य मिळतात. दहा फूट उंचीच्या खोलीत पेटी व मायक्रोफोन जमिनीपासून दीड मीटरवर आणि एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर जमिनीवरून परतलेला ध्वनी सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढाच काळ हिशेबात धरला की खोलीचा परिणाम वगळला जातो. मात्र १६० हर्ट्झच्या खालचे आकडे त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी मायक्रोफोन शंकूला जवळजवळ टेकवून मोजण्याची डॉन कील यांची १९७४ ची पद्धत आहे. पंखा बंद करावा, आणि स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्याव्यात. ट्वीटर मोजताना त्याच्या मार्गात एक कपॅसिटर न चुकता ठेवावा. खालच्या स्वरांचा एक धक्का त्याचे नाजूक वेटोळे जाळू शकतो.

आखणी साधली की नाही, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. ट्वीटरच्या दोन तारा मुद्दाम उलट जोडून पुन्हा मोजावे. दोन्ही पडदे हस्तांतराच्या जागी खरोखरच एकतालात असतील, तर आलेखात तेथे एक खोल खड्डा दिसतो. खड्डा उथळ किंवा एका बाजूला कललेला आला, तर काम बाकी आहे. चांगला खड्डा मिळाला की तारा सरळ कराव्यात.

यानंतरही क्रॉसओव्हरची पाटी लगेच पेटीत बंद करू नये. तारा बाहेर काढून ती काही आठवडे पेटीमागेच ठेवावी. ट्वीटर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीला येईल अशी मांडणी करावी, फरशीवर सतरंजी अंथरावी आणि परिचित ध्वनिमुद्रणे ऐकावीत. तंबोरा, डग्गा, मराठी बातम्या वाचणारा आवाज आणि शक्य असल्यास घरातल्याच कोणाचे मोबाइलवर नव्हे, तर चांगल्या मायक्रोफोनवर मुद्रित केलेले बोलणे. ट्वीटरच्या रोधात अर्ध्या-एक ओहमचा फरक केला तरी 'स' आणि 'श' यांची धार बदललेली ऐकू येते. हा रोध एकदा मनासारखा ठरला की पाटी आत स्क्रूने बसवावी, आणि मग सुताराला पॉलिशसाठी बोलवावे.