पैनगंगा ओलांडली, पुढं काय?

पांढरकवड्याहून आदिलाबादकडे निघालेली गाडी पाटणबोरी मागे टाकते, पिंपळखुटीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा दिसतात आणि पैनगंगेचा पूल संपला की पाट्या तेलुगूत सुरू होतात. प्रवाशाला कुणी हटकत नाही. संविधानाच्या कलम 19 ने देशभर फिरण्याचा हक्क दिला आहे आणि कुठेही राहण्याचा हक्कही. हे दोन हक्क वेगवेगळ्या पोटकलमांत आहेत. व्हिसामुक्त प्रवासाच्या करारांवर हिरिरीने बोलणारे बहुतेक लोक नेमकी हीच फोड विसरतात.

थायलंड किंवा मलेशिया भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देतो, म्हणजे काही दिवस फिरू देतो. तिथं काम करायचं तर वेगळा परवाना लागतो. याउलट 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ कराराचं सातवं कलम राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं आणि ये-जा या सगळ्यालाच मोकळीक देतं. आपल्याकडच्या नेपाळी चौकीदाराला कामाचा परवाना कुणी मागत नाही, ते या कलमामुळे. दोन्ही व्यवस्थांना आपण सरसकट ‘व्हिसामुक्त’ म्हणतो, पण स्थलांतरावर त्यांचा परिणाम सारखा होणं शक्यच नाही.

मग दार उघडलं की लोंढे येतात का? पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्याच्या वेशीवर याचं बरंच उत्तर सापडतं. निजामाच्या काळात पैनगंगेपलीकडे दुसरं राज्य होतं. मालावर करोडगिरी, म्हणजे सरहद्दीची जकात भरावी लागे. अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली सिक्का. तरी गोंड आणि कोलामांची वस्ती दोन्ही तीरांवर होती आणि आजही आहे. जकात मालाला होती, सोयरिकीला नव्हती.

पुढे हैदराबाद संस्थान गेलं, नदी एकाच देशातली झाली. येण्याजाण्यात त्यानंतर काही नवीन राहिलं नाही. नवीन घडलं ते 1976 च्या कायद्याने. तेलंगण भागातल्या लंबाडा, म्हणजे आपल्याकडच्या बंजारा समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींमध्ये राहिला. आदिलाबादच्या अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीला जमीन घेता येत नव्हती. यादीत नाव आलं आणि ती आडकाठी निघाली. गोंडांमध्ये अनेक वर्षं काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1982 च्या पुस्तकात महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या बंजारा कुटुंबांची आणि गोंडांच्या हातून सुटलेल्या जमिनींची नोंद केली आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, असं तिथले लंबाडा सांगतात आणि अनेकांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण 2017 मध्ये आदिलाबादमधल्या उटनूर परिसरात दोन समाज समोरासमोर आले, त्या तेढीचं एक मूळ या फरकात आहे. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या बंजारा समाजाने निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा दाखला देत अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला, तेव्हा तोच फरक पुन्हा चर्चेत आला.

पूल आधीपासून मोकळाच होता. माणसं हलली ती पलीकडे काय मिळतं, ते बदलल्यावर.

उलट उदाहरणही जवळच आहे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या 14 वादग्रस्त गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. गावकऱ्यांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं आणि मतदारकार्डं सापडतात. घर सोडून जायची गरजच नाही, दोन्ही सरकारं दारात येतात!

देशादेशांतही पलीकडे काय मिळतं, त्यावरच लोक हलतात. 2009 अखेरीस युरोपीय संघाने सर्बियाच्या नागरिकांसाठी व्हिसाची अट काढली, तेव्हा जर्मनीत आश्रय मागणारे वाढले. कॅनडाने मेक्सिकोचा व्हिसा 2016 मध्ये उठवला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच कारणाने पुन्हा लावला. दोन्ही ठिकाणी ओढ होती ती आश्रय-अर्जाचा निकाल लागेपर्यंत मिळणाऱ्या मुक्कामाची.

दार बंद केलं तर? पश्चिम जर्मनीने नोव्हेंबर 1973 मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली. गावी गेलो तर परत येता येणार नाही, हे तुर्की कामगारांनी ओळखलं आणि बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतलं. हंगामी मजूर कायमचे रहिवासी झाले. येण्याजाण्याची खात्री असलेला माणूस घरी परततो, हा धडा धोरणं आखणाऱ्यांच्या गळी अजून उतरलेला नाही.

आपल्या तरुणांना मात्र वेगळाच धोका आहे. नोकरीचं आमिष दाखवून थायलंडला नेलेली भारतीय मुलं सीमेपलीकडे म्यानमारच्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकली. इराणमध्ये अशाच आमिषाने नेलेल्यांची खंडणीसाठी अपहरणं झाली आणि 22 नोव्हेंबर 2025 पासून इराणने सामान्य भारतीय पासपोर्टधारकांची व्हिसामाफी थांबवली. दलालाला व्हिसामाफी आवडते, कारण कागद कमी लागतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शेरा असतो. कामासाठी थायलंड, मलेशियासह 18 देशांत जायचं तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते आणि त्यासाठी मालक, पगार, करार यांची नोंद होते. पर्यटक म्हणून विमानात बसलेल्या मजुराची अशी कुठलीच नोंद नसते. पगार बुडाला, पासपोर्ट काढून घेतला, तर दूतावासाला दाखवायला त्याच्या हातात करारसुद्धा नसतो.