अंगणाची किंमत कोणाच्या खात्यात?

घर विकावयास काढणारा मालक प्रथम रंगसफेदी करून घेतो, दारापुढचा केरकचरा हलवितो आणि कुंपणावर माजलेली वेल छाटून टाकतो. गिऱ्हाइकाचे निम्मे मत फाटकाशीच बनते, हे त्याला अर्थशास्त्र न शिकताही ठाऊक असते. निगा राखलेल्या अंगणाने घराची किंमत वाढते, याविषयी म्हणूनच फारसे दुमत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. ही वाढ निर्माण कोण करतो आणि ती पडते कोणाच्या पदरात?

या प्रश्नाचा उलगडा करणारे एक बोलके उदाहरण अमेरिकेत आहे. दुसरे महायुद्ध संपले आणि परतलेल्या सैनिकांना घरांची निकड भासू लागली. न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतजमिनीवर लेव्हिट पितापुत्रांच्या कंपनीने १९४७ साली लेव्हिटटाउन ही वसाहत उभारावयास घेतली. १९५१ पर्यंत तेथे १७ हजारांवर घरे उभी राहिली. घरे जवळजवळ एकाच साच्यातली. तेव्हा वसाहतीचे रूप ठरणार होते ते अंगणांवरच. कंपनीने करारातच अटी घातल्या: हंगामात आठवड्यातून एकदा हिरवळ कापलीच पाहिजे आणि कुंपण घालता कामा नये.

घर दिल्यानंतर त्यातील गवताशी बांधकाम कंपनीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध होता, कारण एका घरापुढे माजलेले रान शेजारच्या दहा घरांचा भाव खाली ओढते. परंतु ज्याचे अंगण, त्याला या नुकसानीतील केवळ आपल्या वाट्याचाच भाग सोसावा लागतो. उलटपक्षी, जो घाम गाळून बाग फुलवितो त्याच्या श्रमाचा लाभ शेजाऱ्यांनाही फुकट मिळतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या विषयावरील आपल्या ग्रंथात नेमका हाच पेच मांडला होता. कर्त्याचा हिशेब आणि समाजाचा हिशेब जेथे जुळत नाही, तेथे प्रत्येकाने आपापले हित पाहिल्याने सर्वांचे हित साधत नाही. करारातील अट हा त्या पेचावरचा उपाय होता.

परंतु याच करारांत आरंभी आणखी एक कलम होते. गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाला या घरांत राहू देऊ नये, असे ते कलम. वंशावर आधारलेल्या अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरीही कृष्णवर्णीयांना घरे नाकारण्याचे कंपनीचे धोरण पुढेही चालूच राहिले. त्याचे समर्थनही वसाहतीची किंमत टिकविण्याच्या नावाखालीच होत असे. कापलेले गवत आणि कातडीचा रंग यांना एकाच तराजूत घालणारा हा हिशेब एक गोष्ट शिकवून जातो. बाजारभाव हे ग्राहकाच्या आवडीचे माप असते, तसेच त्याच्या पूर्वग्रहाचेही असते. भाव वाढला म्हणजे समाजाचे कल्याण वाढलेच, असे नव्हे.

पाण्याच्या बाबतीतही हेच. नेवाडा हे अमेरिकेतील अत्यंत कोरडे राज्य. तेथे २०२१ साली झालेल्या कायद्यान्वये, राज्याच्या दक्षिण भागात केवळ शोभेच्या हिरवळीला कोलोराडो नदीचे पाणी देण्यास २०२७ पासून मनाई करण्यात आली. स्वतंत्र घरांची अंगणे तेवढी यातून वगळली. हिरवळीने घराचा भाव वाढत असेल. पण तिला पाजलेल्या पाण्याची खरी किंमत त्या भावात उतरत नव्हती.

महाराष्ट्रातील शहरांत शिक्षक वा कारकून यांच्या वाट्याला स्वतंत्र अंगण क्वचितच येते. तेथे अंगणाची जागा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मोकळ्या आवाराने घेतली आहे. हे आवार सर्वांचे. इमारतीखालची व उघड्यावरची वाहनतळाची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक आहे, असा निर्वाळा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतील एका खटल्यात दिला आहे. परंतु मालकी सामाईक झाली की निगाही सामाईक होतेच असे नाही. मासिक देखभाल वर्गणीला कात्री लावावयाची वेळ आली की पहिली गदा येते ती माळ्याच्या पगारावर. मग फुलझाडे वाळतात, मातीवर फरश्या बसतात आणि मुलांच्या खेळण्याच्या जागी गाड्या उभ्या राहतात. गाडीवाल्याचा लाभ डोळ्यांना दिसतो. मुलांचे व वृद्धांचे नुकसान कोणत्याच ताळेबंदात चढत नाही.

यात भाडेकरूची स्थिती तर अधिकच विलक्षण. आवारात रोप लावून त्याने ते जगविले, तर वाढलेल्या भावाचा धनी घरमालक होतो. आणि करार संपल्यावर वाढीव भाडे त्याच्याच माथी येते. झाड लावणारा एक आणि सावलीचे भाडे घेणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे.

तात्पर्य, अंगणाची किंमत एकट्या मालकाच्या खात्यात जमा होत असली, तरी ती कमावलेली असते अनेकांनी. म्हणूनच संस्थेच्या वार्षिक सभेत आवाराचा विषय निघेल तेव्हा तो ‘इतर विषयां’त ढकलू नये. माळ्याचा पगार हा खर्च नसून सर्वांच्या मालमत्तेची आणि त्याहून अधिक म्हणजे सर्वांच्या रोजच्या जगण्याची ती देखभाल आहे. घर विकण्याचा प्रसंग आयुष्यात एखाद्याच वेळी येतो. त्या आवारातून ये-जा मात्र रोजच करावी लागते.