मोटार आपली, वर्गणी कायमची

माझ्या विद्युत मोटारीला यंदा पाच वर्षे झाली. मोटार धडधाकट आहे, बॅटरीही. गेल्या महिन्यात मात्र मोबाइलवर संदेश आला : जोडणी सेवेची मुदत संपली, नूतनीकरण करा. तेव्हापासून चार्जिंग किती झाले हे पाहण्यासाठी मला तळघरातील वाहनतळात उतरावे लागते. पडद्यावरचा नकाशाही मुका झाला आहे. सरकारी सेवेत असताना करारातील मुदतीचे कलम मी सर्वांत आधी वाचत असे; मोटार घेताना ते वाचायचे राहिले.

बेंगळूरुला विद्युत मोटार नवी नाही. २००१ मध्ये याच शहरातून ‘रेवा’ रस्त्यावर आली. २०१३ च्या ‘ई-टू-ओ’मध्ये मोबाइलवरून दार बंद करण्याची सोय होती. त्या सोयीबरोबर मोटारीचे आयुष्य दूरसंचार जाळ्याशी बांधले गेले.

याचा अर्थ काय होतो, हे अमेरिकेतील ‘निस्सान लीफ’च्या ग्राहकांनी अनुभवले आहे. तेथील एका दूरसंचार कंपनीने २०१६ अखेर टूजी सेवा बंद केली. जुन्या मोटारींच्या मालकांना थ्रीजी उपकरणासाठी १९९ डॉलर मोजावे लागले. २०२२ मध्ये थ्रीजीही बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेली सुधारणा निरुपयोगी ठरली.

सेवेला खर्च येतो, हे मान्य. डेटा, सर्व्हर, नकाशे फुकट मिळत नाहीत. माझा आक्षेप वर्गणीला नाही, अनिश्चिततेला आहे. बॅटरीची आठ वर्षांची हमी ठळक अक्षरांत छापली जाते. जोडणी किती वर्षे चालेल, नंतर दर काय असेल, हे मात्र बारीक अक्षरांत दडते. जुनी मोटार विकत घेणाऱ्याला तर तेही वाचायला मिळत नाही.

येथे शासनाचा संबंध येतो. विद्युत मोटारीवर केवळ ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे या खरेदीत करदात्याचाही वाटा आहे. केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. त्याच धोरणात तीन अटी घालता येतील : सेवेची किमान मुदत विक्रीपूर्वी जाहीर करावी, चार्जिंग व सुरक्षेची मूलभूत माहिती वर्गणीविना मिळावी, जाळे बदलल्यास उपकरण वाजवी दरात बदलून द्यावे.

सवलत देणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतो. तो वापरायला हवा.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)