मेंदूची प्रतिमा आणि घड्याळाचे काटे

साकोली : मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील साकोलीहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हे अंतर किलोमीटरपेक्षा तासांत मोजलेले बरे.

दुचाकीवरून पडलेला तरुण उठून बसतो, कपडे झटकतो, नाव-गाव नीट सांगतो आणि 'काही झाले नाही' म्हणत घरी जातो. काही तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, शुद्ध हरपते. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये, बहुधा कानशिलाजवळची रोहिणी फाटून, रक्त साचत गेलेले असते. मधला शुद्धीचा काळ फसवा ठरतो.

अशा वेळी पहिली तपासणी सीटी स्कॅनची. क्ष-किरणांच्या साहाय्याने मेंदूचे आडवे छेद दाखविणारे हे तंत्र १९७१ मध्ये लंडनमध्ये रुग्णावर प्रथम वापरले गेले. त्यासाठी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. सीटीत ताजे रक्त पांढरे दिसते. आवरणाबाहेरचा रक्तसंचय भिंगासारखा फुगीर, तर आवरणाखालचा चंद्रकोरीसारखा दिसतो. तपासणी काही मिनिटांत आटोपते, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

परंतु प्रतिमा काय सांगते, हे ती केव्हा काढली यावरही अवलंबून असते. न्हाणीघरात घसरलेल्या आजोबांची चाल काही आठवड्यांनी अडखळते, विसरणे वाढते. घरचे म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात आवरणाखाली रक्त हळूहळू साचलेले असू शकते. सुरुवातीला पांढरे दिसणारे हे रक्त दोन-तीन आठवड्यांत मेंदूच्याच करड्या रंगाचे होते आणि नजरेतून निसटू शकते; पुढे ते काळपट दिसते. कवटीला छोटे छिद्र पाडून ते काढता येते आणि 'म्हातारपण' बरेचदा ओसरते.

पक्षाघातात, म्हणजे बोलीतल्या लकव्यात, गैरसमज उलटा असतो. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाल्यावर पहिल्या काही तासांत सीटी जवळपास निर्दोष दिसू शकतो. नातेवाइकांना हायसे वाटते. ते वाटू नये. त्या घडीला सीटी प्रामुख्याने रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. तो नसेल तरच गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देता येते आणि त्याची सर्वसाधारण मुदत लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांची. चुंबकीय क्षेत्रावर चालणारा एमआरआय विशिष्ट पद्धतीने केल्यास बाधित भाग फार लवकर दाखवितो. अपघाताच्या हिसक्याने तुटलेले सूक्ष्म मज्जातंतूही सीटीपेक्षा त्यात अधिक उमगतात. मात्र त्याला वेळ लागतो आणि रुग्णाने स्थिर पडून राहावे लागते.

पूर्व विदर्भात आणखी एक तपासणी महत्त्वाची ठरते. येथे सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय आहेत आणि या आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन शाळकरी मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. कानशिलावर ध्वनिलहरींचे उपकरण ठेवून रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर तपासणी हा धोका आधीच दाखविते. सिकलसेलच्या तीव्र प्रकारात दोन ते सोळा वर्षे वयाच्या मुलांसाठी ती दरवर्षी सुचविली जाते. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक भरल्यास नियमित रक्त देऊन पक्षाघाताचा धोका मोठ्या प्रमाणात टळतो, हे अमेरिकेतील अभ्यासातून १९९८ मध्ये सिद्ध झाले आहे. या तपासणीत ना किरणोत्सर्ग, ना सुई.