शाखा अनेक, फोन मात्र एक



एके काळी तालुक्याला फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसावे लागे. पुढे एस.टी.डी. आली, चौकाचौकात बूथ झाले. २०१६ नंतर तर मोबाईलवरचे बोलणे जवळपास फुकट झाले. मग कार्यालयातल्या फोनवर आता कशाला खर्च करायचा, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हा खर्च बिल वाचवण्यासाठी नाही, काम अडू नये म्हणून करायचा आहे.

समजा, एका दूध संघाचे मुख्य कार्यालय तालुक्याला आहे, शीतकरण केंद्र वीस किलोमीटरवर आणि पशुखाद्याचे गोडाऊन तिसऱ्याच गावी. सगळा कारभार चालतो माणसांच्या खासगी मोबाईलवर. सचिव बदलून गेले की नंबरही त्यांच्याबरोबर जातो. रात्री केंद्रावरचा कूलर बंद पडला आणि साहेबांचा फोन लागला नाही, तर टँकर कोण पाठवणार? दूध ४ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागते, ते कुणाची वाट बघत थांबत नाही. नासले की तोटा उत्पादकाच्याच पदरात.

जोडणी कशी होते?

तिन्ही ठिकाणी इंटरकॉम असेलही, पण तो त्या इमारतीपुरता. हे तिन्ही इंटरकॉम इंटरनेटच्या लाइनने एकमेकांना जोडता येतात. मग केंद्रावरून तीन आकडे फिरवले की तालुक्याच्या हिशेब विभागातला फोन वाजतो, जणू शेजारच्याच खोलीत आहे.

यात आवाजाचे दर सेकंदाला साधारण ५० तुकडे होतात. कॅनवर नंबर टाकून टेम्पोत चढवावेत, तसे हे तुकडे नंबर घालून पाठवले जातात आणि पलीकडे क्रमाने लावून ऐकवले जातात. उशिरा आलेला तुकडा टाकून द्यावा लागतो. तो आवाज जायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला, तर बोलणे अडखळते आणि दोघे एकदम बोलू लागतात.

जुना इंटरकॉम फेकून द्यायची गरज नाही. त्याला 'गेटवे' नावाची छोटी पेटी जोडावी. मात्र या पेटीत दोन प्रकारची तोंडे असतात. एफएक्सएस तोंडाला फोनचे यंत्र जोडतात आणि एफएक्सओ तोंडाला टेलिफोनची लाइन किंवा इंटरकॉमचे एक्स्टेन्शन. खरेदीआधी आपल्याला कोणते लागते ते कागदावर लिहून घ्या, नाहीतर पेटी कपाटात पडून राहील. नवीनच इंटरकॉम घ्यायचा असेल, तर 'अ‍ॅस्टेरिस्क' नावाची मोफत प्रणाली साध्या संगणकावरही चालते. मात्र ती बसवणारा आणि पुढे सांभाळणारा जाणकार माणूस हवा.

लाइन किती लागते?

चांगल्या आवाजाच्या एका संभाषणाला दोन्ही दिशांना सुमारे ९० किलोबिट लागतात. एका वेळी पाच जण बोलणार असतील तर अर्धा मेगाबिट पुरतो. म्हणजे वेगाची अडचण सहसा येत नाही, अडचण येते ती लाइन सलग चालण्याची. भारतनेटची केबल अनेक ग्रामपंचायतींपर्यंत पोचली आहे, पण केबल दारात आली म्हणजे लाइन चालू असतेच असे नाही. आठ-पंधरा दिवस वेगवेगळ्या वेळी तपासून वहीत नोंद करा आणि मगच कोटेशन मागवा. त्याच लाइनवर कोणी सिनेमा बघत असेल तर आवाज तुटतो, म्हणून राउटरमध्ये फोनला पहिला मान द्यायला सांगा.

वीज गेली तर?

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, त्यामुळे गावात अंधार असला तरी तो चालायचा. इंटरनेटचा फोन तसा नाही. राउटर, केबलची पेटी आणि फोन, सगळ्यांना वीज लागते. कूलर बंद पडतो तोच नेमका वीज गेल्यावर, आणि तेव्हाच फोनही मुका झाला तर उपयोग काय? म्हणून प्रत्येक ठिकाणी बॅटरीची सोय हवीच. शिवाय संस्थेच्या नावावरचा एक मोबाईल केंद्रातच ठेवा, तो कुणी घरी नेऊ नये.

हे विसरू नका

१. बाहेरचा नंबर परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने अशा कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या फोनवर व मोबाईलवर बोलण्याची सेवा देण्याची वाट मोकळी केली. बाहेरून आलेला फोन शाखांकडे वळवायचा आहे, हे अर्जातच लिहा. स्वतःच्या डोक्याने बाहेरच्यांचे फोन इंटरनेटवरून इकडून तिकडे सोडू नका, ते कायद्यात अडकवणारे आहे.

२. पेटीसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. चोर रात्रीतून परदेशी फोन लावतात आणि बिल संस्थेच्या नावावर येते. परदेशी फोनची सोय बंदच ठेवा.

३. नंबर सोपे ठेवा. मुख्य कार्यालयाचे १०० पासून, केंद्राचे २०० पासून, गोडाऊनचे ३०० पासून. यादी भिंतीवर लावा. नंबर खुर्चीला द्या, माणसाला नको.

सुरुवात दोनच ठिकाणांपासून करा. महिनाभर वापरून किती वेळा आवाज तुटला, किती वेळा वीज गेली, ते लिहून ठेवा आणि ती वही मासिक सभेत मांडा. सभासदांनीही संचालकांना एक साधा प्रश्न विचारावा: रात्री दोन वाजता आमच्या केंद्रावरून फोन केला, तर तो कोण उचलणार? याचे उत्तर ज्या संस्थेकडे आहे, तिची फोनव्यवस्था चांगली समजावी.